टार्निटची सहा बावन्न

डोंबिवलीकर गाडीला नावाने ओळखत नाही, वेळेने ओळखतो. माझी 'आठ सतरा' होती. अकरा वर्षं त्या गाडीच्या लेडीज डब्यात मी मटार सोलले, संक्रांतीचं वाण घेतलं, दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण बांधलं. "आठ सतरा गेली का हो?" एवढं विचारलं की समोरच्या बाईला माझं ऑफिस कुठे, मी उतरणार कुठे, सगळं कळायचं. २०१६ साली आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निटला राहायला आलो आणि ही सवय सामानाबरोबर आली. इथली माझी गाडी 'सहा बावन्न'. मध्ये वेळापत्रक बदललं, ती आता सहा बावन्नला येत नाही, पण आमच्या घरात तिचं नाव तेच राहिलंय.

परदेशातल्या आगगाड्यांवर मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक जपानच्या बुलेट ट्रेनवर, नाहीतर स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या गाडीवर. ते वाचायला मला आवडतं. पण रोज कामाला नेणाऱ्या गाडीत जी गंमत असते ती चार दिवसांच्या पाहुण्याला सापडत नाही. त्यासाठी एकाच फलाटावर, त्याच माणसांशेजारी, हिवाळे-उन्हाळे काढावे लागतात.

टार्निट मेलबर्न शहराच्या मध्यापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. २०२१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५६ हजारांच्या वर गेली. फलाटावर पंजाबी, तेलुगू, हिंदी, गुजराती सहज कानावर पडते. मराठी त्या मानाने कमी, पण पडते. टार्निट हे नाव आहे वाथाउरोंग या इथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं, आणि त्याचा अर्थ सांगतात 'पांढरा'. जमीन मात्र काळ्या दगडाची. आमच्या घराचा पाया खणताना निघालेला ढीग माझ्या नवऱ्याने हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "अगं, हा तर आपल्याकडचा काळा पाषाण." खरंच तसा आहे. दख्खनचं पठार जसं लाव्हारसाने झालं, तसंच व्हिक्टोरिया राज्याचं हे पश्चिमेकडचं माळरान ज्वालामुखींनी घडवलंय. वय वेगळं, दगड तोच, बेसॉल्ट.

इथे रेल्वे आली २०१५च्या जूनमध्ये. 'रीजनल रेल लिंक' नावाचा नवा मार्ग डीअर पार्कपासून पश्चिमेला टाकला गेला आणि त्यावर टार्निट आणि विंडम व्हेल अशी दोन नवी स्थानकं आली. यातली मजा अशी की मेलबर्नच्या बहुतेक उपनगरांना विजेवरची मेट्रो लोकल आहे, आणि टार्निटला मात्र येते ती व्ही-लाइनची डिझेल गाडी. व्ही-लाइन म्हणजे राज्यातल्या बाहेरगावांना जोडणारी सेवा. आमची गाडी जिलाँग शहराच्या मार्गावरची. कल्याणच्या माणसाला रोज दादरला जायला डेक्कन क्वीन मिळावी तसंच हे. गाडीत संडास आहे, सामानासाठी फळी आहे, आणि मोकळ्या माळावर ती ताशी १६० किलोमीटरपर्यंत धावते. आमचा प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. फळीवर ठेवायला बहुतेकांकडे डब्याची पिशवी असते, ती ते मांडीवरच ठेवतात. पण बाहेरगावच्या गाडीने ऑफिसला जाण्यात एक ऐट आहे, आणि ती मला रोज सकाळी जाणवते.

फलाटावर प्रत्येकाची जागा ठरलेली. कोणी आखून दिलेली नाही. गाडी थांबल्यावर दार नेमकं कुठे येतं हे ज्याने त्याने पाहून ठेवलंय. निळी पगडी घातलेले एक काका कचऱ्याच्या डब्याशेजारी, दोन तेलुगू मैत्रिणी खांबाच्या अलीकडे, मी पलीकडे. डोंबिवलीत आम्ही विचारायचो, "बारा डबा की पंधरा डबा?" इथे प्रश्न असतो, तीन डब्यांची की सहा डब्यांची. तीनची निघाली तर ठरलेल्या जागा मोडतात आणि सगळे घाईघाईने पुढे सरकतात, पण एकही शब्द न बोलता. दाराशी आल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याला "तू आधी" असं हाताने खुणावतो. दोघंही थांबतात, दोघंही एकदम पाऊल टाकतात, दोघंही 'सॉरी' म्हणतात. रोज.

पहाटेच्या गाडीत भडक पिवळ्या-नारिंगी जाकिटांची माणसं असतात, पायांत लोखंडी टोकाचे बूट, हातात जेवणाची थंड पेटी. हे गवंडी, सुतार, वायरमन, प्लंबर. इथे त्यांना सगळे प्रेमाने 'ट्रेडी' म्हणतात. ते गाडीत चढले की दोन मिनिटांत झोपतात आणि आपल्या स्टेशनाच्या अर्धा मिनिट आधी बरोबर जागे होतात. ही विद्या आपल्या कर्जत-कसाऱ्याच्या माणसालाही येते. त्यानंतरच्या गाड्यांत ऑफिसवाले जास्त. बायकांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे आणि पायांत पळायचे बूट. ऑफिसचे बूट पिशवीत. शहरातलं साउदर्न क्रॉस स्टेशन जवळ आलं की पिशव्या उघडतात आणि डब्यात पादत्राणांची अदलाबदल सुरू होते.

एकदा माझ्या मागच्या सीटवर अस्सल मराठीत फोन चालला होता. "अरे, मी सनशाइनला पोचलोय, दहा मिनिटांत येतो." गाडी तेव्हा टार्निटहून सुटत होती. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! "दादरला पोचलो" हे वाक्य डोंबिवलीच्या फलाटावरून मी हजार वेळा ऐकलंय. माणूस सात समुद्र ओलांडून आला, पण फोनवर तो अजून दोन स्टेशनं पुढेच असतो.

आता हे सनशाइन. नाव ऐकून समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येतो, पण ते नाव पडलंय शेतीच्या यंत्रावरून. ह्यू व्हिक्टर मकाय या कारखानदाराचं कापणी-मळणीचं 'सनशाइन हार्वेस्टर' नावाचं यंत्र होतं. त्याचा कारखाना ब्रेब्रुक जंक्शन या ठिकाणी आला आणि १९०७ साली गावाने यंत्राचंच नाव घेतलं. त्याच वर्षी याच कारखान्यातल्या मजुरीच्या प्रश्नावर न्यायमूर्ती हिगिन्स यांनी निकाल दिला: अकुशल कामगारालाही दिवसाला सात शिलिंग मिळालेच पाहिजेत, कारण त्यात त्याला बायको-मुलांसह माणसासारखं राहता आलं पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या किमान वेतनाचा पाया या निकालाने घातला गेला. ज्या गाडीत पिवळ्या जाकिटाचा सुतार आणि बँकेचा साहेब शेजारी बसून जातात, ती गाडी या स्टेशनावर थांबते, हे मला योग्य वाटतं. अलीकडच्या डीअर पार्कला हरीण शोधू नका. जुन्या शिकारी क्लबाने तिथे हरणं पाळली होती, आता फक्त नाव आहे. प्राणी पाहायचे तर उलट दिशेला, विंडम व्हेलच्या पुढे लिटल रिव्हरकडे जावं. तिथल्या गवतात भल्या सकाळी कांगारू दिसतात.

व्ही-लाइनच्या गाडीत कंडक्टर असतो आणि तो माइकवर स्वतः बोलतो. या आवाजांची मला ओळख झाली आहे. एक बाई स्टेशनांची नावं अंगाईसारखी म्हणतात. एक गृहस्थ पावसाच्या दिवशी छत्र्या विसरू नका म्हणून सांगतात. २०१६च्या ऑक्टोबरमधला पहिला सोमवार मी विसरणार नाही. शनिवारी वेस्टर्न बुलडॉग्ज या पश्चिमेकडच्या, मूळ फुटस्क्रेच्या क्लबाने ऑस्ट्रेलियन फुटबॉलची अंतिम लढत जिंकली होती, १९५४ नंतर पहिल्यांदा. डब्यात लाल-पांढरे-निळे मफलर, आणि कंडक्टरचा आवाज पार बसलेला. फुटस्क्रे आल्यावर त्यांनी स्टेशनाचं नाव घेतलं, तिथे थांबले, आणि पुन्हा एकदा घेतलं. एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा सगळा डबा टाळ्या वाजवू लागला. आम्हाला इथे येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. खेळातलं मला काही कळत नव्हतं, पण त्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या.

वक्तशीरपणाची इथली व्याख्या मला फार आवडते. आमच्या मार्गासारख्या जवळच्या व्ही-लाइन गाड्यांना मुक्कामी पोचायला पाच मिनिटं एकोणसाठ सेकंदांपर्यंत उशीर झाला तरी ती गाडी हिशेबात वेळेवर धरली जाते. मेट्रोला चार मिनिटं एकोणसाठ. सरळ सहा आणि पाच म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तो शेवटचा एक सेकंद कोणीतरी जपून ठेवलाय. जपानात काय होतं ते यापुढे ठेवून बघा. २०१७च्या नोव्हेंबरात तोक्योजवळच्या त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी ठरल्या वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली, तर कंपनीने जाहीर माफी मागितली. उशिराबद्दल नव्हे, घाईबद्दल!

जपान मला कळलं ते माझ्या सासूबाईंकडून. माझी नणंद तोक्योत निशी-कासाईला राहते. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. आई तिच्याकडे दोन महिने राहून मग आमच्याकडे आल्या. त्यांचे वडील इगतपुरीला पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल करणारे निरीक्षक होते. आणि त्या स्वतः दादरच्या शाळेत शिक्षिका, एकतीस वर्षं डोंबिवली-दादर. गाडी या विषयावर आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

जपानची बुलेट ट्रेन त्यांनी दोन वाक्यांत संपवली. रंगवून सांगितलं ते निशी-कासाईच्या तोझाई मार्गाबद्दल, कारण तो गर्दीसाठी नावाजलेला. "अगं, तिथेही लेडीज डबा आहे! सकाळच्या गर्दीत. फलाटावर गुलाबी रंगात लिहिलेलं असतं. पण डब्यात चिडीचूप. कोणी कोणाला विचारत नाही, कुठे उतरणार म्हणून." फोन सगळ्यांचे 'मॅनर मोड'वर, म्हणजे मुके. एवढ्या बायका एका डब्यात आणि एकही भिशी नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

पण एक गोष्ट त्यांनी तिथून उचलली. जपानी मोटरमन पांढरे हातमोजे घालून प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवतो आणि मोठ्याने त्याचं नाव घेतो. जपानीत याला 'शिसा कांको' म्हणतात. डोळ्यांनी पाहायचं, बोटाने दाखवायचं, तोंडाने म्हणायचं, कानाने ऐकायचं. चार इंद्रियं एका कामाला लागली की चूक सहसा होत नाही. आईंना हे इतकं पटलं की टार्निटच्या घरातून निघताना त्या शेगडीसमोर उभ्या राहतात, तर्जनी रोखतात आणि वर्गात म्हणावं तसं म्हणतात, "गॅस बंद." मग मागच्या दाराकडे, "कडी लावली." मग पर्सकडे, "चष्मा, चावी, मायकी." आता माझा मुलगाही शाळेत जाताना दप्तराकडे बोट दाखवतो. महिनाभरात त्याचा डबा घरी राहिलेला नाही.

मायकी म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड. गाडी, ट्राम, बस, सगळ्याला चालतं. आगगाडीत चढताना यंत्राला लावायचं, उतरून बाहेर पडताना पुन्हा लावायचं. मी पहिल्यांदा हातात दिलं तेव्हा आई म्हणाल्या, "मायकी? म्हणजे माहेरची का? मग सासूला कशाला देतेस?" तेव्हापासून आमच्याकडे त्या कार्डाला 'माहेरचं कार्ड' म्हणतात.

एका शनिवारी मी त्यांना घेऊन शहरात गेले. टार्निटच्या फलाटावर त्या कडेच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे थांबून रुळांकडे पाहत राहिल्या. "हा आपला ब्रॉडगेज नव्हे. तीन बोटं कमी आहे." मी घरी येऊन शोधलं. भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, पाच फूट सहा इंच. व्हिक्टोरियाचा १६००, पाच फूट तीन इंच. तीन इंचांचा फरक त्यांनी नुसत्या नजरेने ओळखला होता. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याने आणखी अरुंद, १४३५ मिलिमीटरचे रूळ टाकले, त्यामुळे मेलबर्नहून सिडनीला जाणाऱ्यांना सरहद्दीवर ऑलबरीला गाडी बदलावी लागे. १८९५ साली मार्क ट्वेनलाही ती बदलावी लागली आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. पुढे १८९६च्या जानेवारीत तो मुंबईत उतरला. दोन्ही प्रवास एकाच पुस्तकात आहेत. मेलबर्न ते सिडनी न उतरता जाता यायला १९६२ साल उजाडावं लागलं.

गाडी आली. आईंनी फलकाकडे बोट रोखलं. "साउदर्न क्रॉस. अकरा चार." शेजारच्या पंजाबी आजी हे पाहत होत्या. त्यांनी काही न विचारता आपलंही बोट वर केलं. मग दोघी एकाच सीटवर बसल्या आणि साउदर्न क्रॉसपर्यंत हिंदी-पंजाबी-मराठीत बोलत गेल्या: सुनांचे कामाचे तास, गुडघे, इथल्या कोथिंबिरीला वास कसा नाही. 'क्वाएट कॅरेज' म्हणजे शांततेचा डबा काही गाड्यांत असतो. सुदैवाने आम्ही त्यात नव्हतो. समोरचा एक तरुण कानातलं काढून हसत ऐकत होता. भाषा त्याला कळणं शक्य नव्हतं.

साउदर्न क्रॉसहून आम्ही एक स्टेशन पुढे फ्लिंडर्स स्ट्रीटला गेलो. पिवळी भिंत, हिरवा घुमट, दारावर घड्याळांची रांग. प्रत्येक घड्याळ एकेका मार्गाची पुढची गाडी दाखवतं. मेलबर्नमध्ये "घड्याळांखाली भेटू" म्हटलं की जागा सांगावी लागत नाही. १९८०च्या दशकात रेल्वेने ही घड्याळं काढायला घेतली, तर लोकांनी इतका आरडाओरडा केला की ती परत लावावी लागली. आपल्याकडे दादरला इंडिकेटरखाली भेटायचो, तेच हे.

इथे मी आईंना इथली आवडती दंतकथा सांगितली. म्हणे इंग्लंडहून दोन नकाशे निघाले, एक मुंबईचा, एक मेलबर्नचा. टपालात अदलाबदल झाली, आणि मेलबर्नचं भव्य स्थानक मुंबईला बोरीबंदरावर उभं राहिलं, मुंबईचं इथे. आईंनी पायऱ्यांवर उभं राहून सगळी इमारत वरून खाली पाहिली. "हे बांधलं कधी?" मी सांगितलं, १८९९ साली स्पर्धा झाली, फॉसेट आणि ॲशवर्थ या इथल्या रेल्वेतल्याच दोन नोकरांचा आराखडा निवडला गेला, इमारत पूर्ण झाली १९१० साली. "आणि आपलं व्हीटी १८८८ला बांधून तयार," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं आधी. टपाल कितीही घोळ घालो, मागच्या काळात जात नाही." विषय संपला. तरी निघताना त्यांनी घुमटाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "पण माणसांना असं वाटावंसं वाटलं, ते बरं वाटलं."

आगगाडी दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी आली. बोरीबंदर ते ठाणे १६ एप्रिल १८५३, मेलबर्न ते सँड्रिज बंदर १२ सप्टेंबर १८५४. आणि ज्या दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सचं नाव या रस्त्याला आणि स्टेशनाला आहे, तो १ मे १८०२ रोजी यू यँग्जच्या शिखरावर चढला होता. तेच डोंगर टार्निटहून नैऋत्येला निळे दिसतात.

त्यानंतर आई एकट्या जाऊ लागल्या. आधी फक्त सनशाइनपर्यंत, भाजी आणायला, कारण तिथे व्हिएतनामी दुकानांत अळूची पानं मिळतात. मग फुटस्क्रे, मग शहर. पंजाबी आजी बहुतेक वेळा बरोबर. परत आल्या की चहा घेताना कंडक्टर काय म्हणाला, कोण कुठे झोपलं, कोणाची पोर रडली, सगळं सांगत. सहा महिन्यांत त्यांनी मला दाखवलेलं टार्निट मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात पंधरा-वीस आई-वडील भारतातून येतात. मुलं सकाळी गाड्या काढून कामावर जातात. ही मंडळी दिवसभर खिडकीशी बसतात, संध्याकाळची वाट पाहतात आणि परत जाऊन सांगतात की तिकडे माणूसच दिसत नाही. माणसं दिसतात, पण ती आगगाडीत. तेव्हा टार्निटकरांनो, या वेळी आई-बाबा आले की पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात एक मायकी द्या, त्यात पैसे भरा, आणि कार्डाच्या मागे तुमचा फोन नंबर चिकटवा. पहिल्या वेळी बरोबर जा. शहराकडे जाताना त्यांना उजव्या खिडकीशी बसवा. फुटस्क्रेच्या पुढे मॅरिबिर्नाँग नदी ओलांडली की बंदरातल्या क्रेन दिसतात. दुसऱ्या वेळी एकटं जाऊ द्या. फक्त एक गोष्ट दोनदा सांगा: टार्निटची परतीची गाडी साउदर्न क्रॉसहून सुटते, फ्लिंडर्स स्ट्रीटहून नाही.